अप्पांनी दिलेली जागा

आमच्या गाडीचे कंडक्टर अप्पा प्रवाशाला कुठं जायचंय हे शेवटी विचारीत. आधी विचारीत, "रानात काय हाय?" उत्तरावरून जागा ठरे. करडईवाल्याशेजारी करडईवाला, विहीर आटलेल्याशेजारी पाणी राखलेला. कुणी खिडकीचा हट्ट धरला तर म्हणत, "बाहेर काय बघतूस? समदं तुझ्याच रानावानी उघडं हाय. शेजारच्याकडं बघ की."

निलंग्याहून औशावरून उस्मानाबादला जाणारी ती गाडी. साल दुष्काळाचं. बाहेर काळी रानं भेगाळलेली, उन्हाच्या झळांत बाभळी तरंगताहेत असं वाटे. आत अनोळखी पोरं एकमेकांना शेतात पाणी अडवायची ताल कशी घालायची ते तळहातावर बोटानं काढून दाखवीत. अर्धवट झोपेत मला वाटे, ही गाडी कुठं पोचतच नाही, नुसती एका शिवारातून दुसऱ्या शिवारात वाहत राहते. मग कानाशी अप्पांचा पंच टकटके. "झोपतूस कामून? शेजारचा बोलायलाय."

मी तेव्हा गावच्या तरुण मंडळाचा पुढारी होतो. निवडून कुणी दिलं नव्हतं. माझ्याकडं पांढरा सदरा होता. आमच्या ओढ्यावर रोजगार हमीतून बांध व्हावा, असा अर्ज मी वळणदार अक्षरात लिहिला होता. पावसाआधी काम निघालं नाही तर मंडळातली निम्मी पोरं पोटासाठी पुण्याला जाणार होती. वळकट्या बांधून तयार होत्या.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. अर्ज कुठं द्यायचा, असं पोरांनी विचारलं तेव्हा मी हसलो. म्हणालो, "जिल्हा कागदावर झालाय. कचेऱ्या हलायला जन्म जाईल. उस्मानाबादलाच चला." सात जणांना घेऊन गाडीत चढलो.

"लातूरला न्हाई का जायाचं?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, तुम्ही तिकिटं फाडा."

त्यांनी आठ तिकिटं फाडली.

उस्मानाबादच्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि अदबीनं परत दिला. "तुमचं गाव आता आमच्याकडं नाही हो." वर चहा पाजला. तो तर आणखीच झोंबला.

परतीच्या गाडीत मी मागच्या बाकावर तोंड लपवून बसलो होतो. औसा सुटल्यावर अप्पांनी मला उठवून पुढं उभं केलं. "काय झालं ते सांग गाडीला."

"लाज वाटते, अप्पा."

"वाटू दे. आज तू चुकलास. दडवलंस तर उद्या अजून धा जण चुकतील."

सांगितलं. गाडी पोट धरून हसली. माझी पोरं सगळ्यांत जास्त. औशाला चढलेले दोघं मात्र हसेनात. ते आमच्याच ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावचे. त्यांच्या पिशवीतही औशाला लिहून घेतलेला तसाच अर्ज होता आणि सकाळी ते उस्मानाबादलाच निघणार होते. अप्पांनी मला बाकावर मधे आणि त्यांना माझ्या दोन बाजूंना बसवलं. "ओढा एक हाय, तर अर्ज दोन कामून?"

निलंगा येईस्तोवर अर्ज एक झाला. आठवड्यात त्यावर पाच गावांच्या पोरांच्या सह्या झाल्या. लातूरच्या कचेरीत आम्ही सगळे उभे राहिलो, पण बोलला त्या दोघांतला एक. मला शहाणपण आलं म्हणून नव्हे, माझा घसा बसला होता. तो माझ्यापेक्षा फार नीट बोलला. काम निघालं आणि वळकट्या सुटल्या.

अप्पांची लेक नांदेडकडं दिलेली होती. त्यांनी तिकडं बदली मागून घेतली. बांधाला पहिलं पाणी थांबलं तेव्हा मी मुद्दाम तिकडं, हिमायतनगरला गेलो. स्टँडात शिरलो तर त्यांची गाडी निघालेली. दारातून त्यांनी ओळखलं. "किती थांबलं रे?"

मी छातीला हात लावला. ते समाधानानं हसले, त्यांनी बेल दिली आणि गाडी झाडीत विरघळून गेली.

खरं तर पाणी गुडघ्याएवढंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पाचही गावांत गाळ काढायला, बांध उंच करायला पोरं गोळा करीत फिरलो. एवढी घाई कसली, असं पोरांनी विचारल्यावर अप्पांना मारलेली थाप सांगून टाकली. पोरं पुन्हा पोट धरून हसली आणि फावडी घेऊन आली. तिसऱ्या पावसाळ्यात बांध भरला. त्याच आठवड्यात अप्पा गेल्याचं कळलं. मी ओढ्यावर आलो, चपला काठावर काढल्या आणि कपड्यांसकट मधोमध जाऊन उभा राहिलो.

पाणी छातीला लागत होतं.