सुगियामांच्या गाडीवरचा पोचा

जपानमधल्या शिझुओकात मॉडेल गाड्या जोडणाऱ्या म्हाताऱ्यांना तोटा नाही, पण कियोहारू सुगियामांसमोर 'खेळणं' हा शब्द काढायची सोय नव्हती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं होतं. त्यांची बायको तोकिए ओट्याशी उभ्या उभ्या भात खायची, कारण टेबलावर रंग वाळत असे आणि रंगाला वाफ सोसत नाही.

मॉडेलवाल्यांच्या क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षिसापलीकडे त्यांची कधी मजल गेली नव्हती. हे शल्य त्यांना जेवू देत नसे. यंदाचा विषय होता 'आपल्या घरची गाडी'. सुगियामांनी सुवर्णपदकासाठी कंबरच कसली. भिंग घेऊन ते गाडीभोवती घिरट्या घालू लागले. एके दिवशी चालकाच्या दारावर पोचा दिसला, तो त्यांनी मॉडेलवर हुबेहूब उतरवला. पाठोपाठ आरशाला लटकणारा देवळातला निळा ताईत जाऊन तिथे लाल आला. रंगवलेला ताईत चरफडत पुन्हा रंगवावा लागला.

"काही बदललंस तर आधी सांगत जा गं!" ते कडाडले.

"बरं," तोकिए म्हणाली. हल्ली ती डाव्या हाताने चहा ओतायची आणि सांडायची. सुगियामांनी मॉडेलवर प्लास्टिक घालून ठेवलं.

प्रदर्शनात मुख्य परीक्षक उसामी गाडीपुढे वाकले ते वाकलेच.

"वा, सुगियामासान! पोचा काय झकास उतरलाय! आणि ताईतही कोरा. म्हणजे जुन्याने अपघाताचा घाव झेलला, म्हणून देवळात परत केलात. कुणाला फार लागलं तर नाही ना?"

पोच्याची खोली सुगियामांना पाठ होती. हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं.

"उजव्या मनगटाला महिनाभर पट्टी होती, सर," तोकिए हसत म्हणाली. "ती मॉडेलमध्ये येत नव्हती ना, म्हणून यांच्या नजरेतून सुटली."

सगळे खो खो हसले. सुवर्णपदक सुगियामांनाच मिळालं. गळ्यात पडलं तेव्हा त्यांना मान वर करायची लाज वाटली.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

"अजून दुखतं का गं?"

"जड उचलताना दुखतं," ती म्हणाली आणि ओडेनच्या रश्शाचं गरम पातेलं तिने त्यांच्या हातात दिलं. "ठेवा टेबलावर."

टेबलावर बोटभर जागा नव्हती. हात भाजत होते, तरी सुगियामा पातेलं धरून उभे राहिले.