पायाळूची लाथ

"स्पायनल कॉर्ड इन्फार्क्ट," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटणं. मानेतली रक्तवाहिनी दुखावली आणि खाली माझे पाय गेले. परळच्या त्या हॉस्पिटलात माझा तो तिसरा दिवस होता. हे कळायला तीन दिवस का लागले, तेच सांगते.

माझी मान आखडली होती, बस्स. लालबागच्या आमच्या चाळीत उसण भरली की सगळे माझ्या नणंदेकडे, सुषमाकडे येतात. ती पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणे. लाथ मारतात ती पाठीला. सासूबाईंनी माझ्या मानेवर मारायला लावली. "जरा जोरात गं," हेही वर! मान कचकन वळली. तासाभरात हात जड झाले, मग पाय.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न, "मानेला मार लागला होता का?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. टॅक्सीतच त्यांनी बजावलं होतं, "सुषमाचं नाव घेऊ नका, पोलीस केस होईल." माझा नवरा मंगेश खाली बघत राहिला. आणि मी? मीही गप्प. पाय माझे चालले होते आणि अब्रू सांभाळत होते यांची. मूर्ख बाई!

पहिल्या एमआरआयमध्ये काही दिसलं नाही. सुरुवातीला कधी कधी दिसत नाही. मग दुखणं मनाचं असेल म्हणून "घरात टेन्शन आहे का?" असं विचारून झालं.

तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी सुषमा आली. रडत म्हणाली, "डॉक्टर, मी लाथ मारली हिच्या मानेवर." पुन्हा एमआरआय झाला, या वेळी मानेतल्या रक्तवाहिन्यांचाही.

"आधी कळलं असतं तर पाय वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोन दिवस फुकट गेले नसते."

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना सगळं सांगा. लाज नंतर वाटून घ्या.

आता वॉकर धरून दारापर्यंत जाते. फिजिओला सुषमाच नेते. खरं बोलली ती एकटीच, तिचे उपकार मी विसरणार नाही. सासूबाई अजून म्हणतात, पोरीच्या पायाचा गुण गेला.

मला पायांवरचा स्पर्श कळतो, पण ऊन-गार कळत नाही. म्हणून आंघोळीच्या पाण्यात मंगेश आधी हात घालून बघतो.

"ठीक आहे ना गं?" तो रोज विचारतो.

"मला काय विचारतोस? कढत असेल तर तूच सांग. या वेळी तरी तोंड उघड."