दिनाँतले सहा दिवस

२००४ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, फ्रान्समधल्या दिनाँ नावाच्या नदीकाठच्या गावात, माझ्या सासूबाईंना आयर्लंडमध्ये परत जाता येणार नाही हे माझ्या लक्षात आलं. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी त्या कॉर्कच्या बंदरावर उतरल्या. मधल्या दिवसांत घडलं ते असं.

तेव्हा आम्ही आयर्लंडमधल्या ट्रली गावी राहत होतो. नवरा तिथल्या इस्पितळात डॉक्टर होता. मी पुण्याच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते आणि नवऱ्याच्या मागून ती नोकरी सोडून आले होते. मला गरोदरपणाचे अठ्ठावीस आठवडे झाले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई आदल्या वर्षी गेली होती. म्हणून सासूबाई सांगलीहून आल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. येताना त्यांनी डिंक, हळीव आणि सुंठ आणली आणि ट्रलीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर लावून ठेवली.

त्यांना आयर्लंडमध्ये नव्वद दिवस राहायची परवानगी होती. ते नव्वद दिवस बाळाच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी संपत होते. आल्या त्याच संध्याकाळी सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले.

"बारसं काय बसत न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही उरका. पाळणा मी फोनवर म्हणीन."

त्यांचा आयर्लंडच्या व्हिसाचा अर्ज मीच भरला होता. ट्रलीत जेवणाच्या टेबलावर बसून भरला आणि सहीसाठी पोस्टाने सांगलीला पाठवला. त्यात प्रवेश किती वेळा, असा एक रकाना होता: एकदा किंवा अनेकदा. मी 'एकदा'वर खूण केली, कारण येणार त्या एकदाच होत्या. अर्ज तीनदा वाचला. नावं, तारखा, पासपोर्टचा क्रमांक, सगळं बरोबर होतं.

नवऱ्याची आठवड्याची सुट्टी मंजूर झाली ती त्यानंतर. बाळ झाल्यावर वर्षभर कुठे जाणं होणार नाही, तर कॉर्कहून बोटीने फ्रान्सला जाऊन येऊ, असं ठरलं. गाडी बोटीत घालता येते आणि मला विमान नको होतं. सासूबाईंनी फ्रान्सचा व्हिसा मुंबईतच काढून घेतला. आम्हा दोघांना आयर्लंडबाहेर पडून परत यायचं तर वेगळा व्हिसा लागतो, हे इस्पितळातल्या प्रत्येक भारतीय डॉक्टरला पाठ होतं. आमचे ते व्हिसा तयार होते. सासूबाईंचं कुणी विचारलं नाही. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस, असं आम्ही धरून चाललो. बोटीच्या कंपनीने मात्र एक कागद मागितला होता: अठ्ठावीस आठवडे झालेल्या बाईने प्रवास करायला हरकत नाही, असं डॉक्टरांचं पत्र. त्यात बाळाची तारीख लिहिलेली होती. ते मी पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी दुपारी निघालेली बोट रविवारी सकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफला लागली. तिथून गाडीने दिनाँ. नदीच्या कडेला दगडी धक्का, त्याला बांधलेल्या लहान बोटी, एक जुना दगडी पूल आणि त्याच्या पुष्कळ वर, दरीच्या दोन्ही काठांना जोडणारा एक उंच कमानींचा पूल. गाव वर, तटाच्या आत. धक्क्यापासून गावात जायला एकच चढाची फरसबंद गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची घरं, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. आमचा मुक्काम धक्क्यावरच्या एका घरगुती लॉजमध्ये होता.

मालकीणबाईंनी परदेशी पाहुण्यांसाठी असलेली पोलिसांची कार्डं पुढे केली. नवरा सामान आणत होता. मी कार्डं भरू लागले. सासूबाईंनी बोटीचं तिकीट खूण म्हणून पासपोर्टात घातलं होतं, त्यामुळे तो आयर्लंडच्या व्हिसाच्या पानावरच उघडला. प्रवेश: एक. त्यावर डब्लिनच्या विमानतळाचा शिक्का.

नवरा आत आला तेव्हा मी त्याला ते पान दाखवलं.

"मग? नव्वद दिवस आहेत की अजून," तो म्हणाला.

"राहायला नव्वद. आत शिरायला एकदा. ते एकदा झालं."

"अगं, पण आपण परत चाललोय. नव्याने कुठे जातोय?"

"त्यांच्या लेखी नव्यानेच."

त्याने पासपोर्ट उजेडात धरला. "फॉर्म कुणी भरला होता?"

"मी."

तो बॅगा उचलून वर गेला.

सासूबाईंना जेवणानंतर सांगितलं. त्या खिडकीशी बसून पाव चावायचा प्रयत्न करत होत्या.

"म्हणजे आता मी फ्रान्सची?" त्या म्हणाल्या. "बाबा, ह्यांचा तर पाव बी माझ्या दातांना दाद देत न्हाई."

"आई, चेष्टा नको," नवरा म्हणाला.

"रडून दाखवू का मग? पॅरिसवरनं मुंबईला इमान जातंय न्हवं?"

"जातं."

"मग मी कुठं हरवत न्हाई." त्यांनी पाव बाजूला ठेवला. "पर डिंक तिकडं कपाटात ऱ्हायलाय. आन हिच्याजवळ कोण?"

नवऱ्याला आठवड्यातून दोन रात्री इस्पितळात काढाव्या लागत. ट्रलीत आमचं दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी फ्रान्समध्ये सुट्टी होती. आयर्लंडचा दूतावास पॅरिसला, तोही बंद. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही गाव पाहिलं. गल्ली चढताना सासूबाई माझ्या मागे चालत होत्या. पाय घसरलाच तर धरता यावं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. दर पंधरा पावलांवर त्या मला एखाद्या दाराच्या पायरीवर बसवत. या गल्लीत पूर्वी विणकर आणि चामडं कमावणारे राहत, असं गावाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. एका दाराआड अजून माग होता. तटावरून खाली नदी दिसली. ती वळणं घेत उत्तरेला समुद्राकडे जात होती.

"घाट न्हाई कुठं," सासूबाई म्हणाल्या. "एवढी नदी आन एक पायरी पाण्यात उतरत न्हाई. ह्यांच्या बायका पाय कुठं बुडवत असतील?"

मंगळवारी पहाटे नवरा आणि सासूबाई गाडीने जवळच्या रेन शहरी गेले आणि तिथून रेल्वेने पॅरिसला. मी मुक्कामावर थांबले. दूतावासात मी नव्हते; पुढचं नवऱ्याने सांगितलं तसं.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने व्हिसा पाहिला आणि विचारलं, यांना परत का जायचं आहे? नवऱ्याने बाळंतपणाचं सांगितलं. अधिकारी म्हणाला, बाळंतपण इस्पितळात होतं, त्याला आजी कशाला? नवऱ्याने हे मराठीत सांगितल्यावर सासूबाई थेट खिडकीशी गेल्या.

"त्याला म्हण, सुनेला आई न्हाई. एवढं म्हण."

नवऱ्याने एवढंच म्हटलं. अधिकाऱ्याने पुरावा मागितला. बोटीच्या कंपनीसाठी घेतलेलं डॉक्टरांचं पत्र मी निघताना नवऱ्याच्या खिशात घातलं होतं. तेच चाललं. शिवाय नवऱ्याच्या नोकरीचं पत्र हवं होतं. त्याने तिथूनच ट्रलीला फोन केला. इस्पितळाच्या कार्यालयातल्या बाईंनी चहा निवायच्या आत फॅक्स पाठवते म्हणून सांगितलं आणि पाठवला. अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला. डब्लिनला विचारावं लागेल, गुरुवारी बाराला या, म्हणाला. आणि शेवटी, "ग्रँड."

"ग्रँड म्हणाला," नवऱ्याने फोनवर मला पुन्हा सांगितलं. "म्हणजे होईल."

ट्रलीकडे 'ग्रँड'चा अर्थ उत्तम इथपासून आता निघा इथपर्यंत काहीही होतो. मी ती बातमी पक्की धरली नाही.

बुधवारी नवऱ्याने पॅरिस ते मुंबईच्या विमानांच्या वेळा एका कागदावर लिहून काढल्या. सासूबाईंनी मला डिंकाच्या लाडवांची कृती वहीत उतरवून घ्यायला सांगितली. डिंक तुपात तळताना किती फुलला की काढायचा, याची वेळ मी मिनिटांत विचारली.

"मिनिटं कसली? फुटल्याचा आवाज थांबला की काढायचा."

मी तसंच लिहिलं.

गुरुवारी नवरा पहिल्या गाडीने एकटाच पॅरिसला गेला. आमची बोट शुक्रवारी रात्रीची होती. त्या दिवशी पासपोर्ट मिळाला नाही, तर बोटीत आम्ही दोघंच असणार होतो. साडेअकरापासून मी आणि सासूबाई धक्क्यावरच्या बाकावर बसलो. फोन माझ्या मांडीवर होता. एक माणूस बोटीची कड रंगवत होता. वर गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यात बाराचे ठोके पडले. सासूबाईंनी ते मोजले.

"बारा," त्या म्हणाल्या.

"हो."

"गाडी वेळेवर गेली असंल न्हवं?"

"फ्रान्समधल्या जातात."

"तुला ह्या जत्रेत आणायची हौस माझ्या लेकाची," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "घरात गप बसला असता तर एवढ्यात दोन घाणे झाले असते लाडवांचे."

"अर्ज मी भरला होता, आई."

"ठाऊक हाय मला. त्यानं सांगितलं गाडीत." त्या नदीकडे पाहत होत्या. "चाळीस वर्सं मी पोरांच्या वह्या तपासल्या. माझ्या हातनं पास झालेली पोरं नापास निघाली हायेत, आन नापास केलेली मामलेदार झाली. तू एका चौकटीत खूण केलीस. सोड आता."

फोन बारा वाजून बावीस मिनिटांनी वाजला.

"मिळाला," नवरा म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"व्हिसा लिहिलंय! अजून काय लिहिणार?"

"प्रवेश किती?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "दोन. मागितले नव्हते तरी दोन दिलेत."

"तारीख वाच. नाव वाच. स्पेलिंग सांग."

त्याने सगळं वाचून दाखवलं. मी ते डॉक्टरांच्या पत्राच्या, पर्समध्ये उरलेल्या रिकाम्या लखोट्यावर लिहून घेतलं आणि त्याला परत वाचून दाखवलं. मगच सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चपला काढल्या आणि बाकावर मांडी घातली. मग म्हणाल्या, "मला भूक लागलीय."

शेजारच्या दुकानात काळसर पिठाचं पातळ, कुरकुरीत काहीतरी तव्यावर घालत होते. रविवारपासून सासूबाई त्याच्याकडे संशयाने पाहत होत्या. मी आत जाऊन अंडं आणि मांस नको असं तीन वेळा सांगून, फक्त लोणी आणि चीज घातलेलं मागवलं.

"हे तर धिरडं," पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या. "चार दिवस मला पाव चघळायला लावलात, आन हितं धिरडी हुती?"

त्यांनी दोन खाल्ली. मीही दोन. आठवडाभरात मला प्रथमच भूक लागली होती. त्या दुपारी आम्ही दोघी पुलावरून पलीकडे गेलो. तिथे काठाशी गवत होतं आणि पाणी हाताला लागत होतं. सासूबाईंनी पाय बुडवले.

शुक्रवारी आम्ही रॉस्कॉफला पोहोचून बोटीत चढलो. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास कॉर्कच्या बंदरावर गाडी रांगेत लागली. पाऊस होता. अधिकारी खिडकीशी आला. त्याने तिन्ही पासपोर्ट घेतले, सासूबाईंचा उघडला, जुना व्हिसा पाहिला, नवा पाहिला, मग मागच्या सीटकडे वाकून माझ्या पोटाकडे पाहिलं.

"या आजी का?" त्याने विचारलं.

"होणार आहेत," नवरा म्हणाला.

"फ्रान्स आवडलं का त्यांना?"

नवऱ्याने विचारलं. "सांग, धिरडी बरी हुती," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने आवडलं म्हणून सांगितलं.

अधिकारी त्याच्या खोलीत गेला आणि चार मिनिटांनी परत आला. नव्या व्हिसाशेजारी शिक्का होता आणि शिक्क्याखाली पेनाने मुदत लिहिलेली होती: नव्वद दिवस, त्या दिवसापासून. सासूबाईंनी पासपोर्ट मांडीवर ठेवून बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. ट्रलीच्या वाटेवरच्या मॅलो गावाच्या अलीकडे त्यांचं मोजून झालं. मी लखोट्याच्या मागे हिशेब करून पडताळून पाहिलं. शेवटचा दिवस बाळाच्या तारखेनंतर एकोणिसावा येत होता.