पायाळूचा खांदा

"आज्जी, तुमचा खांद्याचा सांधा झिजलाय," बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "दंडाचं हाड वर सरकलंय बघा. त्याला जागेवर धरणारे स्नायू फाटलेत."

त्या स्नायूंच्या पट्ट्यांना रोटेटर कफ म्हणतात. खांद्यातून सुईने पाणी काढलं, ते लालसर निघालं. त्यात क्रिस्टल होते, म्हणजे कॅल्शियमचे अगदी बारीक कण. तेही सांधा पोखरत होते.

मी एवढंच विचारलं, "माझा अंबाडा मला बांधता येईल काय न्हाई?"

हसू नका. कित्येक महिने सून माझे केस विंचरत होती. गुणाची पोर, पण रोज तिच्यापुढे मान वाकवून बसायचं म्हणजे माझ्या जिवावर येई.

उशीर माझ्यामुळेच झाला. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. आमच्या गुंद गावात कुणाला उसण भरली की पाठीला पाय लावून घ्यायला माझ्याकडे येतात. स्वतःच्या खांद्याला मात्र माझा पाय पोचेना! मग कुंभारवाड्याच्या एका पायाळू म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने चांगला दाबून पाय लावला. खांदा आणखीच सुजला, तरी माझं आपलं एकच, "उसणच हाय."

शेवटी सून चिडली. "आई, आता गुमान गाडीत बसा. तुमचं वैद्यपण पुरं झालं."

डॉक्टरांनी पाणी काढून सांध्यात इंजेक्शन दिलं, फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम सांगितले. "ऑपरेशन आत्ता नको. दुखणं कमी होईल. पण हात पूर्वीसारखा वर जाईल, असं खोटं सांगणार नाही."

परतताना रामनगरपर्यंत मी रडत होते. सून माझा हात धरून बसली. तिचे उपकार कसे फेडू?

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी रोज केला, शिव्या घालत केला. सूज ओसरली, झोप लागू लागली. हात कानापर्यंत येतो, पुढे नाही.

तुमचा खांदा असा सुजला, झंपर घालताना हात अडला, तर आधी डॉक्टरला दाखवा. हे एक पायाळूच सांगते आहे.

परवा खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकवलं, डोकं कलतं केलं आणि मानेवर, अगदी खाली, अंबाड्याची गाठ मारली.

सून बघून म्हणाली, "आई, वाकडा झालाय."

"व्हय. असू दे. माझा मी बांधलाय."