ऑप्शनला टाकलेला कायदा

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी कर्वेनगरच्या एका लॉ कॉलेजात कौटुंबिक कायदा शिकवते. आज अभ्यासक्रमाची बैठक होती. माझं म्हणणं साधं होतं. मुस्लिम कायदा शेवटच्या प्रकरणात कोंबू नका. लग्न, पोटगी, वारसा शिकवतानाच तो हिंदू कायद्याच्या शेजारी शिकवू.

आमचे विभागप्रमुख हसले. "अहो मॅडम, मुलं तो भाग ऑप्शनला टाकतात. पेपरात प्रश्न सोडायची सोय असताना वाचणार कोण?"

मग विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसलेल्या निलोफरकडे वळले. "तूच सांग, टाकतात ना?"

तिने समोरची वही मिटली.

"टाकतात सर. माझ्या आईच्या वकिलांनीही टाकला असणार. मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो. आईला तो मिळालाच नाही, म्हणून दावा लावला. वकिलांनी त्यात मेहरऐवजी 'हुंडा' लिहिलं. आता समोरचे वकील विचारतात, हुंडा दिल्याचा पुरावा कुठाय? आईच्या माहेरच्यांनी हुंडा दिलाच नव्हता, तर पुरावा आणायचा कुठून?"

सर म्हणाले, "हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ." चहा मात्र लगेच आला.

इथल्या वकील मंडळींना एवढंच विचारते. कॉलेजात तुम्ही काय ऑप्शनला टाकलं होतं? आणि ते पुढे कुणाच्या केसमध्ये आलं?