चार लाल चिंध्या

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात लोखंडी बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवत. मी सुपरवायझर, धावडा गावचे सखारामभाऊ धुलाईच्या टाकीवर. तेल काढणाऱ्या गरम कॉस्टिकमधून निघालेली बोल्टांची जाळी ते पाण्यात बुडवत आणि तिच्यातला एक बोल्ट श्वास रोखून उजेडात धरत. बोल्टाच्या अंगावर पाणी सलग राहिलं, तर जाळीच्या कडीला लाल चिंधी बांधून माल पुढे. पाणी फुटून थेंब झाले, म्हणजे तेल शिल्लक. माल परत धुवायला.

"तेलकट अंगाला जस्त धरत न्हाई, साहेब. आज चकाकतं, उद्या पापडीवानी निघतं."

चहाचा ग्लाससुद्धा ते विसळून तसाच उजेडात धरत. आम्ही चिडवायचो, "भाऊ, ग्लासाला जस्त चढवता का?"

"चढवीन की. मंग पहिला चहा साहेबाला!"

एका दुपारी पेरणी यंत्रांच्या बोल्टांसाठी ट्रक दारात उभा होता. भाऊ चार जाळ्या परत धुवायला डावीकडे ठेवून भाकरी खायला गेले. धुण्यात तास गेला असता. मी त्या जाळ्यांना चिंध्या बांधल्या आणि माल पुढे सोडला.

भाऊ आले. रिकामी जागा बघून थबकले. "साहेब, हितं मी चार जाळ्या ठेवल्त्या ना?"

"चिंध्या तुम्हीच बांधल्यात की, भाऊ."

ते पुढे गेलेल्या जाळ्यांवरच्या चिंध्यांकडे बघत राहिले. "असं? बराबर."

पावसाळ्यात माल परत आला. मुलामा सोललेला, खाली गंज. मालक काही बोलायच्या आतच भाऊंनी नखानं एक पापुद्रा काढला. "चिंधी माझी हाय. मंग नजर गेली माझी. असल्या माणसानं टाकीवर उभं राहू न्हाई." त्याच दिवशी त्यांनी काम सोडलं. मी शेजारीच उभा होतो.

गेल्या वर्षी धीर करून धावड्याला गेलो. भाऊंनी स्वतः ग्लास विसळला, उजेडात धरला आणि मग माझ्यापुढे केला. "साहेब, तुम्हीच बघा. पाणी फुटलं का? माझा मलाच भरवसा न्हाई राह्यला."

पाणी सलग होतं. "बराबर आहे," एवढंच म्हणालो, पाणी प्यालो, निघालो.

दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं.

भाऊ, तुमची नजर शाबूत होती. त्या चार चिंध्या मी बांधल्या होत्या. मला माफ करा.