कडबोळ्यांखालचं पान

सुचेता मूळची कराडची. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये, अॅमस्टरडॅमजवळच्या बाडहूव्हडॉर्पला आली आणि दोन वर्षांत मराठी घरांना फराळ पुरवू लागली. टिश्यू पेपरवर तिचा भारी राग. "तेल पीत न्हाई मेलं, नुसतं चिकटतंय." तळणाखाली तिला वर्तमानपत्रच लागे. ते खालच्या मजल्यावरच्या श्रीलंकेच्या जयंतीआक्का द्यायच्या. कोलंबोहून येणाऱ्या भाच्याकडून त्या रोजच्या सिंहली पेपरचे अंक मागवत आणि वाचून झाले की वर पाठवत. ती गोल, मुरडलेली अक्षरं सुचेताला कडबोळ्यांसारखीच दिसत.

त्या शुक्रवारी आक्का दारात आल्या त्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून.

"काल दिलेले पेपर कुठेत?"

"वापरले की. का हो?"

मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळलं ते असं. वर्षापूर्वी आक्कांचा भाऊ गेला. त्यांना जाता आलं नाही. पेपरात निधनवार्ता आली, फोटोखाली भावंडांची नावं, त्यात यांचंही. रविवारी वर्षश्राद्धाचं दान होतं, भिक्खूंना जेवण, तेव्हा ते पान बुद्धापुढे ठेवायचं होतं. नवऱ्यानं, राजननं, आवराआवरीत तेच गठ्ठ्यात घातलं.

"फोटो आहेत गं फोनमध्ये. पण त्याच्या शेवटाला मी होते ती तेवढ्याच कागदावर."

सुचेतानं कचऱ्यातली तेलकट पानं एकेक उलगडली. आक्का वाचत, मान हलवत. "नाही. ही साबणाची जाहिरात. नाही."

राहिलं एकच. सकाळी नवऱ्यानं, गुरुनाथनं, ऑफिसातल्या सानिकासाठी नेलेल्या डब्याच्या तळाशी. तिनं त्याला फोन लावला.

"अहो, सानिकाला डबा दिला?"

"दिला की. संपलाही. झुइडासच्या ऑफिसांतली माणसं टपलेलीच असतात."

"तळाचा कागद कुठाय?"

"कागद? अगं, मी मीटिंगमध्ये..."

"मीटिंग घाला चुलीत! आधी पळा!"

मग फोन लागेना. आक्का खुर्चीच्या कडेवर बसून बांगडी फिरवत राहिल्या. चहावर साय धरली. 'ह्यांनी टाकला असंल,' सुचेताच्या मनात तेवढंच घुमत होतं.

चार वाजता गुरुनाथ आला. पान लॅपटॉपच्या खणात. "पॅन्ट्रीतल्या कचऱ्याच्या बादलीतनं काढलं. सगळे बघत होते."

भावाच्या तोंडावर तेल पसरलं होतं, मागच्या बाजूच्या जाहिरातीतली मोटार त्यातून दिसत होती. सुचेतानं पान आक्कांपुढे धरलं.

"आक्का, नावं?"

आक्कांचं बोट खाली सरकलं. एकेक नाव त्या मोठ्यानं वाचत गेल्या. शेवटचं स्वतःचं, आडनावासकट. मग पुन्हा वाचलं.